कागदांचा किल्ला : सिमांकास आणि आसपासचे पाच दिवस

वसईच्या किल्ल्यात फिरताना, कोर्लईचा डोंगर चढताना किंवा जुन्या गोव्यातल्या कॅथेड्रलसमोर उभं राहिल्यावर आपण सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणून मोकळे होतो. पण १५८० नंतरची साठ वर्षं या सगळ्या ठिकाणांचा राजा स्पेनचाच राजा होता. पोर्तुगालची गादी रिकामी झाली, १५८१ मध्ये तोमारला भरलेल्या सभेने फिलिप दुसऱ्याला राजा मानलं, आणि १६४० मध्ये पोर्तुगाल पुन्हा वेगळा होईपर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयची पत्रं फिरून फिरून स्पेनच्या दरबारात येत राहिली. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून कोर्लईचा मोर्रो, म्हणजे डोंगरावरचा किल्ला, घेतला, तोही याच फिलिपच्या कारकिर्दीत. त्या कारभाराच्या कागदांचा एक मोठा वाटा आज स्पेनमधल्या सिमांकास नावाच्या छोट्याशा गावात, पंधराव्या शतकातल्या एका किल्ल्यात आहे. आणि तो तुम्हा-आम्हाला हातात घेऊन वाचता येतो.

हा प्रवास ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला. मुक्काम पाचही दिवस वायादोलिदला. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून वेगवान गाडीने साधारण तासाभरात तिथे पोचता येतं. बाकीची तिन्ही गावं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे सामान रोज उचलावं लागत नाही.

निघण्याआधी

सिमांकासचा निम्मा प्रवास घरी बसूनच करायचा असतो. स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘पारेस’ नावाचं संकेतस्थळ आहे. मोफत आहे. त्यात कागदांच्या याद्या आहेत आणि लाखो पानांची छायाचित्रंही. इथे शोधताना मराठी माणूस हमखास एका ठिकाणी फसतो. ‘इंदियास’ असा अनेकवचनी शब्द टाकला की समोर येतं ते मेक्सिको आणि पेरू. स्पॅनिश कागदांत ‘इंदियास’ म्हणजे बहुधा अमेरिका. आपला मुलूख हवा असेल तर ‘इंदिया’ असं एकवचन, ‘इंदिया ओरिएंताल’, नाहीतर थेट गोवा, चौल, दीव, दमण अशी नावं टाकावीत. वसईसाठी ‘बासाइं’ची दोन-तीन स्पेलिंगं करून पाहावीत, कारण स्पॅनिश कारकुनाला ते नाव कानाला जसं लागलं तसं त्याने लिहिलेलं असतं. ‘पिमिएंता’ म्हणजे मिरी, हाही शब्द टाकावा. मिरीचा हिशेब आला की मागोमाग हिंदुस्थान येतोच.

हवा तो कागद सापडला की त्याचा पूर्ण संदर्भ, म्हणजे विभागाचं नाव, गठ्ठ्याचा क्रमांक आणि आतल्या कागदाचा क्रमांक, जसाच्या तसा वहीत उतरवावा. क्रमांक नसेल तर तिथल्या माणसाने कितीही मदत करायची ठरवली तरी त्याचा इलाज चालत नाही. आणखी एक महत्त्वाचं. ज्या कागदाची छायाचित्रं पारेसवर आलेली आहेत, त्याचं मूळ सहसा बाहेर काढून देत नाहीत. ते कागदाच्या भल्यासाठीच असतं. म्हणून मागणीची यादी करताना छायाचित्रं नसलेलेच गठ्ठे निवडावेत. नाहीतर एवढ्या लांब जाऊन संगणकाच्या पडद्यावरच वाचत बसावं लागतं.

१२ ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय सण, त्या दिवशी सगळं बंद. शनिवार-रविवार वाचनकक्ष बंद. उरलेल्या दिवशीही काम सकाळी चालतं, दुपारनंतर नाही. म्हणून सिमांकाससाठी आठवड्यातल्या दोन सकाळी राखून ठेवाव्यात. एकीत काम होत नाही, याचं कारण पुढे येईल.

पहिला दिवस : वायादोलिद

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, पठाराच्या मधोमध. इथल्या हवेबद्दल स्थानिक म्हण आहे : नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. ऑक्टोबरात सकाळी पिसुएर्गा नदीवरून धुकं चढतं आणि दहा-अकरापर्यंत समोरच्या गल्लीचं टोक दिसत नाही. दुपारी मात्र स्वेटर काढावा लागतो.

सुरुवात सान पाब्लो चर्चच्या चौकातून करावी. चर्चची दर्शनी भिंत म्हणजे दगडातली जरतारी आहे, पण ती पाहून झाल्यावर समोरच्या कोपऱ्यातल्या पिमेंतेल वाड्याकडे वळावं. २१ मे १५२७ रोजी फिलिप दुसरा या वाड्यात जन्मला. कोपऱ्यावरच्या एका खिडकीला साखळी आहे. दंतकथा अशी की वाड्याच्या दारातून बाहेर पडलं तर बाळाचा बाप्तिस्मा दुसऱ्या चर्चच्या हद्दीत मोडला असता, म्हणून खिडकीचे गज काढून बाळाला त्या वाटेने सान पाब्लोत नेलं. खिडकी खरोखर पाहण्यासारखी आहे. नेमकी इमारतीच्या कोनावर कोरलेली, दोन्ही रस्त्यांकडे तोंड करून.

शेजारीच सान ग्रेगोरिओचं जुनं विद्यालय, आता राष्ट्रीय शिल्पसंग्रहालय. १५५०-५१ मध्ये धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास आणि विद्वान सेपुल्वेदा यांचा प्रसिद्ध वाद इथे झडला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का, हा त्याचा विषय. एका साम्राज्याने आपल्याच विजयाची अशी उघड चौकशी मांडली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आतल्या चौकातले पिळाचे खांब आणि वरच्या मजल्यावरच्या दगडी नक्षीच्या कमानी यांच्यासाठी निदान तासभर द्यावा. लाकडी रंगीत मूर्तींचा संग्रह मोठा आहे, त्याला दोन तास लागतात. सोमवारी बंद असतं.

तिथून चालत दहा मिनिटांवर व्हिवेरो वाडा. १४६९ च्या ऑक्टोबरात कास्तियाच्या राज्याची इसाबेल आणि आरागोनच्या राज्याचा फेर्नांदो यांचं लग्न या वाड्यात लागलं. पुढे तिथेच उत्तर कास्तियाचं सर्वोच्च न्यायालय, म्हणजे ‘चान्सियेरिया’ बसू लागलं. तागुस नदीच्या उत्तरेकडचे सगळे मोठे खटले इथे येत आणि हे न्यायालय १८३४ पर्यंत चाललं. त्याच्या दाव्यांचे कागद जवळच्या वेगळ्या अभिलेखागारात आहेत. कुणाच्या पूर्वजांनी आपलं कुलीनपण सिद्ध करायला दावा लावला होता का, हे शोधायला लोक आजही तिथे येतात. आपल्याकडे वतनाच्या कागदांसाठी लोक दफ्तर धुंडाळतात, तसंच.

कोलंबस वारला तो याच शहरात, १५०६ मध्ये. त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, पण ती इमारत त्याच्या घराची नाही. वेळ कमी असेल तर ते सोडलं तरी चालेल. मोठा चौक, प्लासा मायोर, मात्र सोडू नये. १५६१ च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला आणि मग सारख्या उंचीची घरं, खालून सलग ओवरी, असा हा चौक मुद्दाम आखून बांधला. स्पेनमधल्या पुढच्या अनेक चौकांना हाच नमुना झाला.

जेवणाचं सांगायचं तर इथला मानाचा पदार्थ म्हणजे ‘लेचासो’. आईच्या दुधावर असलेलं कोकरू मातीच्या पसरट भांड्यात फक्त पाणी आणि मीठ घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. मसाला नाही, तरी पहिल्या घासाला चव कळते. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावं. लसणाचं सूप, मसूर, चवळीसारख्या कडधान्यांचा रस्सा हे सगळं नावावरून शाकाहारी वाटतं आणि आत हॅमचे बारीक तुकडे किंवा चोरिसो निघतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हॅमला तिथे कुणी मांसात धरत नाही. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन चोरिसो’ अशी तिन्ही नावं घ्यावीत. एका खानावळीतल्या वाढपी बाईंनी हे ऐकून सूप परत नेलं, स्वयंपाकघरात विचारून आल्या आणि त्याऐवजी मेंढीच्या दुधाचं चीज, भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्या आणि ‘लेचुगिनो’ ब्रेड आणून दिला. हा ब्रेड गोल, वरून एकात एक वर्तुळं उठवलेला, आतून पांढराशुभ्र आणि घट्ट असतो. दुपारचं जेवण दोनच्या आधी आणि रात्रीचं नऊच्या आधी मिळेल अशी आशा ठेवू नये.

दुसरा दिवस : किल्ल्याच्या आत

सिमांकास वायादोलिदच्या नैर्ऋत्येला सुमारे अकरा किलोमीटर. बस अर्ध्या तासाच्या आत पोचवते. सकाळची पहिली गाडी धरावी आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा जातानाच थांब्यावरच्या पाटीवरून लिहून घ्याव्यात. दुपारच्या गाड्यांमध्ये मोठी खिंडारं असतात.

बस वळणावर आली की धुक्यातून आधी टोकदार पाटीच्या दगडाची छपरं दिसतात, मग बुरूज, मग खंदक. किल्ला मुळात एन्रिकेस घराण्याचा, कास्तियाच्या दर्यासारंगांचा. इसाबेल-फेर्नांदोच्या काळात तो राजसत्तेकडे आला आणि काही काळ तुरुंग झाला. सामोराचा बिशप आकुन्या, कोमुनेरोंच्या, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या कास्तियाच्या शहरांच्या, बंडातला एक पुढारी, इथे कैदेत होता. त्याने किल्लेदाराला ठार मारलं आणि १५२६ मध्ये त्याला इथेच देहदंड झाला. १५७० मध्ये नेदरलँड्सचा सरदार मोंतिन्यी याला याच किल्ल्यात गुपचूप गळा आवळून मारलं आणि आजाराने गेला असं जाहीर केलं. खरं काय झालं ते एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना कळलं, ते याच किल्ल्यात ठेवलेल्या कागदांवरून.

किल्ल्याचं दफ्तर व्हायला कारणही बंडच ठरलं. त्याआधी राजाचे कागद पेट्यांत भरून दरबाराबरोबर गावोगाव हिंडत, काही मठांत, काही गढ्यांत पडून राहत. १५२०-२१ च्या धामधुमीत त्यातले पुष्कळ गेले. १५४० मध्ये पाचव्या चार्ल्सने एका बुरुजात कागद ठेवायची व्यवस्था लावली. फिलिप दुसऱ्याने दिएगो दे आयाला याला दफ्तरदार नेमलं आणि पुढे एस्कोरियाल राजवाड्याचा वास्तुकार हुआन दे एर्रेरा याच्याकडून किल्ला आतून नव्याने आखून घेतला. जाड भिंती, दगडी घुमटी छतं, लाकूड कमीत कमी, सगळं आगीच्या भीतीने. १५८८ मध्ये दफ्तर कसं चालवावं याची लेखी नियमावली काढली. याद्या कशा कराव्यात, मूळ कागद कसा जपावा, नक्कल कशी द्यावी, हे सगळं त्यात आलं. त्याच वर्षी त्याचं आरमार इंग्लंडच्या समुद्रात हरलं. आरमार गेलं, ही नियमावली मात्र अभिलेखशास्त्राच्या अभ्यासात आजही शिकवतात.

आता प्रत्यक्ष काम. दारावर पासपोर्ट दाखवायचा. झेरॉक्स नाही, मूळ पासपोर्ट. अर्ज भरून संशोधकाचं ओळखपत्र मिळतं, पैसे पडत नाहीत, विद्यापीठाचं पत्रही सक्तीचं नाही, पण विषय काय ते दोन ओळींत सांगता यायला हवं. ही दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहून नेली की काम सोपं होतं. पिशवी, कोट, पाण्याची बाटली, पेन बाहेर कपाटात. आत फक्त शिसपेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप. छायाचित्रांचे आणि प्रतींचे नियम आधीच ईमेल करून विचारून घ्यावेत आणि ते उत्तर छापून जवळ ठेवावं.

मागणीची चिठ्ठी दिली की थांबावं लागतं. पहिली सकाळ बरीचशी याच कामात जाते. ओळखपत्र, यादी पाहणं, चुकलेला क्रमांक दुरुस्त करणं, पहिला गठ्ठा येणं, आणि मग लक्षात येतं की हवा तो कागद शेजारच्या क्रमांकात आहे. म्हणून दोन सकाळी.

गठ्ठ्याला इथे ‘लेगाखो’ म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल ज्याने पाहिलाय, त्याला लेगाखो ओळखीचाच वाटेल. तिथे कापडात बांधतात, इथे जाड पुठ्ठ्यात घालून फितीने बांधतात. जुन्या स्पॅनिश कचेऱ्यांत ही फीत तांबडी असे. आपण ज्या ‘लालफिती’च्या नावाने बोटं मोडतो, तिचं मूळ काम कागद सांडू न देणं हे होतं. वाचनकक्षातल्या एका कर्मचाऱ्याने गाठ कशी सोडायची ते शब्दांविना दाखवलं. टोक ओढायचं नाही, गाठीखाली बोट घालून सैल करायची, कारण ओढलं की पहिल्या दहा-बारा कागदांच्या कडा फितीबरोबर दुमडतात. पानं टेबलावर सपाट ठेवूनच उलटायची, हातात धरून नाही. क्रम बदलायचा नाही, क्रम चुकलेला वाटला तरीही. तो चुकलेला क्रमसुद्धा कुणासाठी तरी पुरावा असतो.

आणि मग अक्षर. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश कारकुनाच्या धावत्या लिपीला ‘प्रोसेसाल’ म्हणतात. तिचा एक प्रकार तर साखळीसारखा असतो. लेखणी उचलायचीच नाही, शब्द संपला तरी पुढच्या शब्दात वळसा घालून शिरायचं. मोडी वाचणाऱ्याला इथे आपसूक धीर येतो, कारण अडचण तीच आणि उपायही तोच. अक्षर सोडवत बसू नये, ठरीव मायने पाठ करावेत. ‘वुएस्त्रा माखेस्ताद’ (महाराज) हे नेहमी तीन-चार अक्षरांत आखडलेलं असतं. ‘दिचो’ म्हणजे ‘सदरहू’, तोही आखडून दर ओळीत येतो. आकड्यांत हजाराची खूण उघड्या ‘यू’ अक्षरासारखी दिसते. ती कळली नाही तर सगळा हिशेब हजारपटीने चुकतो. ‘कुएंतो’ म्हणजे गोष्ट नव्हे, दहा लाख मारावेदी (हिशेबाचं जुनं स्पॅनिश चलन). ३४ मारावेदींचा एक रेआल, ३७५ मारावेदींचा एक दुकादो, एवढं कोष्टक पेन्सिलने वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं.

पत्र हाती आलं की आधी उलटं करून पाठ पाहावी. घडी घातल्यावर बाहेर येणाऱ्या भागावर कचेरीतल्या कारकुनाने कुणाचं पत्र, कुठून, कोणत्या तारखेचं, विषय काय, हे चार ओळींत टिपलेलं असतं. मराठी पत्रावर ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती असा पोचल्याचा शेरा असतो, त्याची आठवण येते. या चार ओळी सहसा स्वच्छ अक्षरात असतात. त्या वाचल्या की आतलं अवघड अक्षर निम्मं सुटतं. मसलतीच्या कागदावर मंडळाचं म्हणणं मधल्या पट्ट्यात आणि राजाचा निर्णय समासात किंवा पाठीवर असतो. फिलिप दुसरा स्वतः शेरे लिहायचा. अक्षर दाट आणि उतरतं. ते पहिल्या भेटीत वाचण्याचा हट्ट धरू नये.

हिंदुस्थानच्या कागदांसाठी ‘सेक्रेतारियास प्रोव्हिन्सियालेस’ या विभागातली पोर्तुगाल मंडळाची बांधीव पुस्तकं पाहावीत. ती पोर्तुगीज भाषेत आहेत, स्पॅनिशमध्ये नाहीत. साठ वर्षं राजा एक असला तरी पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीज भाषेतच चालेल, असं वचन राजाने दिलेलं होतं. गोव्याला जाणारं पत्र एकाच गलबतावर कधी टाकत नसत. त्याच मजकुराच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी निघत आणि प्रत्येकीवर ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ असा शेरा असे. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात सुटत, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात गोव्यात लागत. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत निघत. म्हणजे गोव्याने जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. पत्रातला राजाचा हुकूम वाचताना हा दीड-पावणेदोन वर्षांचा काळ डोक्यात ठेवावा लागतो. व्हाइसरॉयने आज्ञा मोडली असं वाटतं तिथे कित्येकदा आज्ञा पोचलेलीच नसते. याच पत्रव्यवहाराचा दुसरा हात, गोव्यात पोचलेल्या राजपत्रांची मोन्सून पुस्तकं, पणजीच्या अभिलेखागारात आहेत. सिमांकासला जायच्या आधी पणजीला एक खेप घातली, तर इथला वेळ निम्म्याने वाचतो.

दुपारी वाचनकक्ष बंद झाल्यावर प्रदर्शनाचा भाग पाहावा. तो मोफत असतो. कोठारांत प्रवेश नाही.

तिसरा दिवस : उरलेले कागद आणि गाव

दुसऱ्या सकाळी काम झपाट्याने होतं, कारण गठ्ठा राखून ठेवलेला असतो आणि डोळा अक्षराला सरावलेला असतो. तरी घाई टाळावी. लोखंडी क्षारांच्या काळ्या शाईने जागोजाग कागद खाल्लेला आहे. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक दिसतं आणि मागच्या पानावरचा शब्द त्यातून डोकावतो. अशा पानाखाली कोरा कागद सरकवून वाचावं आणि तो कागद वाचनकक्षातूनच मागून घ्यावा.

एखाद्या गठ्ठ्यात कागदांची साखळी मध्येच तुटते. त्यामागे बरेचदा नेपोलियन असतो. त्याला युरोपभरचे कागद पॅरिसला एकत्र करायचे होते. सिमांकासचे गाडेच्या गाडे भरून फ्रान्सला गेले आणि किल्ल्यात उतरलेल्या शिपायांनी मागे राहिलेल्यांची नासधूस केली. १८१६ मध्ये बहुतेक परत आले. फ्रान्सशी संबंधित काही कागद मात्र पॅरिसने ठेवून घेतले, ते १९४१ मध्ये आले. अभ्यासकांना दार उघडलं ते १८४४ मध्ये.

इसाबेल राणीचं मृत्युपत्र आणि ग्रनाडाच्या शरणागतीचे करार याच किल्ल्यात, ‘पात्रोनातो रेआल’ विभागात आहेत. मूळ मागू नयेत. छायाचित्रं पारेसवर सुंदर दिसतात. अमेरिकेचे बहुतेक कागद मात्र इथून उचलून सेव्हियाला नेले. तिसऱ्या कार्लोसने १७८५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं अभिलेखागार काढलं. म्हणून मेक्सिको-पेरू शोधत सिमांकासला येणाऱ्याची फेरी बहुधा वाया जाते.

गाव तासा-दीड तासाचं आहे. एल साल्वादोर चर्चचा मनोरा जुना रोमनेस्क, बाकीची इमारत सोळाव्या शतकातली. गल्ल्या उतरत उतरत कठड्यापाशी पोचतात आणि तिथून खाली पिसुएर्गावरचा मध्ययुगीन पूल दिसतो. कमानी सतरा आहेत. कठड्यावर बसलेल्या एका आजोबांनी एकेका कमानीकडे काठी रोखत त्या मोजून दाखवल्या आणि काठाच्या झाडीत लपलेली शेवटची दिसत नाही, तीही धरायची, असं बजावलं.

गावाच्या मानचिन्हावर सात हात आहेत. कथा सात मुलींची : मुस्लिम अमिराला नजराणा म्हणून पाठवायच्या ठरल्या तेव्हा त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले, ‘सिएते मान्कास’, म्हणून सिमांकास. नाव खरं तर रोमन काळातल्या ‘सेप्तिमान्का’वरून आलंय, पण गावाला कथा प्रिय आहे. खरी घडलेली गोष्ट ९३९ सालची. लेओनचा राजा रामिरो दुसरा याने कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्द अर-रहमान याला इथे हरवलं. त्याच वर्षी १९ जुलैला सूर्यग्रहण झालं आणि इतिवृत्तांनी त्याची नोंद केली.

बेकरीत ‘एम्पिन्योनादो’ घ्यावेत. पाइनच्या बियांनी मढवलेले गोड लाडू, या भागात पाइनची वनं भरपूर असल्यामुळे चव ताजी.

चौथा दिवस : तोर्देसियास

वायादोलिदहून तीस किलोमीटर, बसने अर्धा-पाऊण तास. गाव दुएरो नदीच्या उंच काठावर. ७ जून १४९४ रोजी इथे स्पेन-पोर्तुगालचा करार झाला. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग अंतरावर उत्तर-दक्षिण रेघ मारली, पश्चिमेचं स्पेनचं, पूर्वेचं पोर्तुगालचं. वास्को द गामा कालिकतला उतरायच्या चार वर्षं आधी आपला किनारा कागदावर एका राजाच्या वाट्याला गेला तो इथे. करार झाला त्या वाड्यात, कासास देल त्रातादोत, आता संग्रहालय आहे. पण तिथे दिसते ती प्रतिकृती. मूळ प्रती सेव्हियाला आणि लिस्बनला आहेत. नकाशांसाठी एक तास पुरे.

खरा वेळ द्यावा सांता क्लारा मठाला. चौदाव्या शतकातला राजवाडा पुढे मठ झाला, त्यामुळे दारात मुदेखार, म्हणजे मुस्लिम धाटणीच्या, पद्धतीची चुनेगच्ची नक्षी, मागे हमामखाना, आणि चर्चवर सोनेरी लाकडी छत. सोमवारी बंद. माहिती सांगणारा माणूस बरोबर असतो आणि ठरावीक वेळीच आत सोडतात, म्हणून गावात पोचल्यावर आधी इथली वेळ घ्यावी, मग बाकीचं.

इसाबेलची मुलगी राणी हुआना १५०९ पासून १५५५ मध्ये मरेपर्यंत याच गावात कोंडलेली होती. नावाला राणी, कारभार आधी बापाचा, मग मुलाचा. तिचा वाडा आता नाही, अठराव्या शतकात पाडला. जागा नदीकाठी दाखवतात. खाली पात्र रुंद आहे आणि वारा सुटला की कान दुखतात. टोपी जवळ असावी. तिच्या नवऱ्याची शवपेटी सांता क्लारात होती, ती १५२५ मध्ये ग्रनाडाला नेली.

पाचवा दिवस : मेदिना देल काम्पो

मेदिनाला दोन स्टेशनं आहेत. वेगवान गाड्यांचं गावाबाहेर माळावर आहे, तिथे उतरून चालत येता येत नाही. साध्या प्रादेशिक गाडीने जुन्या स्टेशनवर उतरावं. वायादोलिदहून अर्धा तास, भाडंही कमी.

विटांचा ला मोता किल्ला सगळे पाहतात, पाहावाही. इसाबेल राणी १५०४ च्या नोव्हेंबरात वारली ती चौकातल्या वाड्यात, किल्ल्यात नव्हे. पण या गावाचा खरा जीव जत्रांमध्ये होता. मे आणि ऑक्टोबरात भरणाऱ्या बाजाराला अर्ध्या युरोपचे सावकार येत. चौकातल्या सान आंतोलिन चर्चला बाहेरच्या बाजूने एक सज्जा आहे. बाजाराच्या दिवशी धर्मगुरू तिथे उभं राहून मिस्सा (चर्चची उपासना) म्हणत, म्हणजे व्यापाऱ्यांना दुकान सोडावं लागत नसे. त्या सज्जाखाली उभं राहिलं की सगळा चौक त्याच्या नजरेत आहे हे कळतं.

जत्रांच्या संग्रहालयात सिमोन रुइस या सावकाराचं दफ्तर आहे. १५९७ मध्ये तो वारला. पन्नास हजारांवर पत्रं आणि हजारो हुंड्या मागे राहिल्या. होय, हुंड्याच. रचना तीच : पैसे देणारा, घेणारा, दुसऱ्या गावी चुकते करणारा आणि मुदत. प्रदर्शनातली एक हुंडी डोळ्यांजवळ नेऊन पाहावी. तळहाताएवढा आडवा कागद, सात-आठ ओळी, घडीच्या खुणा, पाठीवर स्वीकाराची सही. एवढ्याशा चिठोऱ्यावर अँटवर्पला पैसे मोजून मिळत. रुइसचे लिस्बनचे आडते पत्रांत मिरीचा भाव कळवत आणि हिंदुस्थानची जहाजं आली की नाही ते लिहीत. सिमांकासला राजाचा हुकूम वाचून इथे यावं, कारण त्याच जहाजांची वाट इथे व्यापारी पाहत होता. संग्रहालय दुपारच्या जेवणाला बंद होतं, म्हणून सकाळी आधी तिथे आणि मग किल्ल्यावर जावं. परतीच्या संध्याकाळच्या गाड्या मोजक्याच आहेत.